पट कमी म्हणून किमान कौशल्याचं कॉलेज बंद करावं का?

बालाघाटकर (बीड जिल्हा)
आमच्या तालुक्याच्या गावी किमान कौशल्याचं, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यवसाय शाखेचं, छोटं कनिष्ठ महाविद्यालय आहे. इलेक्ट्रिकल आणि हॉर्टिकल्चर, दोनच कोर्स. पट घटला म्हणून ते बंद करून खोल्या सायन्सला द्यायचं घाटतंय. मी तिथं तासिका तत्त्वावर शिकवतो, आणि माझा याला ठाम विरोध आहे.

पट मोजताना मुलं कुणाची आहेत तेही मोजा. निम्म्याहून जास्त घरं ऊसतोडीची. दिवाळीच्या आसपास आई-बाप मुकादमाच्या ट्रकमध्ये चढतात, ते मार्च-एप्रिलला परत येतात. काही पोरांना कोयता घ्यावाच लागतो, कारण मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायची असते. तांड्यावरची, दहावीला कसेबसे पास झालेली, दोन वर्षं घरी बसलेली मुलं इथं येतात. ती सायन्सला जाणार नाहीत, ती थेट गळतील.

परवाच एक पोरगा जळालेली सबमर्सिबल मोटार घेऊन बसला होता. जुनी कॉइल कापण्याआधी त्यानं वेढे मोजले, वहीत लिहिले, मगच तार तोडली. वर्गात वाचताना अडखळणारा हाच पोरगा.

मांजराकाठ (लातूर)
सर, तुमची तळमळ समजते, तरी मी विरोधातच लिहितेय. गरिबांची, तांड्यावरची, दलित वस्तीतली मुलं किमान कौशल्याला आणि बाकीची नीटच्या क्लासला, ही विभागणी मला छळते. माझे वडील म्हणायचे, ‘आपल्या हातात पिढ्यान्‌पिढ्या अवजारच होतं, आता पुस्तक येऊ दे.’ वाचताना अडखळतो म्हणून त्याला मोटार दिली, पण वाचायला कुणी शिकवलं? सायन्सची तुकडी द्या, हंगामात राहायला वसतिगृह द्या. एकाच थरातली मुलं जिथं गोळा होतात, त्या शाळेकडे कुणी लक्ष देत नाही. तुमच्या वर्कशॉपची अवस्था तुम्हीच सांगा.

वाळूजवाला
ताईंशी सहमत. मी कंपनीत मेंटेनन्सला आहे. बारावी व्होकेशनलची पोरं येतात, पॅनल कधी उघडलेला नसतो. १९८६ च्या धोरणात २५ टक्के मुलं व्यवसाय शाखेकडे वळवायचं ठरलं होतं, तेही १९९५ पर्यंत. कुठं झालं? आयटीआय असताना हे कशाला चालवायचं?

मोसंबीची पोर (अंबड)
मी हॉर्टिकल्चरची. वर्गात आम्ही तिघीच मुली होतो. मुली का येत नाहीत, सांगते. प्रॅक्टिकल दुपारी उशिरा सुटायचं आणि मुलींना ने-आण करणारी मानव विकासची निळी बस तोवर निघून गेलेली. घरचे म्हणायचे, राहू दे कॉलेज. सरांनी प्रॅक्टिकल सकाळी घेतलं, तेव्हा आम्ही टिकलो. रंगपूर लिंबाच्या खुंटावर मोसंबीचा डोळा भरून कलम करायला तिथंच शिकले. आज रोपवाटिकेत त्याचेच पैसे मिळतात. वाळूजवाले दादा, आयटीआय आमच्यापासून दोन बस बदलून आहे. मला कुणी पाठवलं असतं का?

बालाघाटकर
मांजराकाठ ताई, वाचनाचा मुद्दा माझ्या जिव्हारी लागला. खरंय, आम्ही भाषेचा तास प्रॅक्टिकलच्या नादात खाल्ला. वर्कशॉपची अवस्था वाईट आहे. वायरिंगचं इन्सुलेशन तपासायचा मेगर एकच, तोही मी घरून आणतो. पण तुम्ही म्हणता ते वसतिगृह कधी होईल? तुकडी मात्र यंदाच जाणार आहे. आणि किमान कौशल्य म्हणजे वाट संपली असंही नाही. इथल्या इलेक्ट्रिकलमधून पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. दहावीनंतर घरी बसलेल्या पोराला ही गोष्ट सांगणारं गावात कुणी नसतं, ते मी सांगतो.

वाळूजवाले, १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात व्यवसाय शाखेची बारावी झालेली मुलं बसतात. तुमच्या कंपनीत त्यांच्या किती जागा भरल्या, एवढं विचारून सांगाल का? पॅनल तिथं उघडायला मिळेल.

मांजराकाठ
भाषेचा तास परत लावा, मग मीही संस्थेला पत्र लिहीन. पण एका अटीवर: पत्रात किमान कौशल्याची तुकडी टिकवण्याबरोबर वसतिगृहाची मागणीही असेल. तो मोटारवाला पोरगा सोळा वर्षांचा असेल. तो कोयत्यावर गेला तर पटावरचं नाव कुणाच्या उपयोगाचं?

बालाघाटकर
मान्य. आज रात्रीच मसुदा टाकतो. मोसंबीची पोर, बसच्या वेळेचं तुम्ही लिहून द्या, तुमच्याच शब्दांत.