मदत हवी आहे: पाचव्या सीझनचा पहिला भाग डोक्यावरून गेला, मधले भाग गाळलेत का?

उंडो_कडक:
चौथा सीझन संपवून पाचव्याचा पहिला भाग लावला आणि काहीच लागत नाही. सुरुवातीलाच लेक्स लुथरला, सुपरमॅनच्या त्या वैऱ्याला, शांततेचं नोबेल! ऑलिव्हर गेला म्हणून सगळे तोंड पाडून बसलेत, पण तो गेला कधी? आपल्या टीममधले निम्मे गायब, आणि ज्यांनी जहाजावर कधी धड पाऊल ठेवलं नाही ते मध्यभागी. जिकडे बघावं तिकडे लोक हा भाग टाकाऊ म्हणून ओरडतायत. खरंच टाकाऊ आहे की ॲपने मधलं काही खाल्लंय? चवथीआधी सीझन उरकायचाय, एकदा माटोळी (गणपतीवरचा फळापानांचा मांडव) बांधायला घेतली की टीव्ही आपला राहत नाही. लवकर सांगा.

सोलकढी:
मालिका कुठली ते लिहायचं राहिलं.

मांडवीपूल:
टीव्ही कुठला आहे? नव्या टीव्हीत मोशन स्मूदिंग आधीपासून चालूच असतं. अशा मालिका सेकंदाला २४ चित्रांच्या असतात, टीव्ही त्यांच्या मध्ये स्वतःची चित्रं घुसडतो. मग चांगला भागही गुळगुळीत आणि स्वस्त दिसतो, आणि लोक दिग्दर्शकाला शिव्या घालतात. सेटिंग, मग पिक्चर, त्यात 'मोशन' नावाचं जे काही असेल ते बंद. फिल्ममेकर मोड असेल तर थेट तोच लाव. शिवाय वीज वाचवायचा इको मोडही बंद कर, रात्रीचे प्रसंग त्यानेच काळे पडतात.

बिमली:
त्याला गोष्ट कळत नाही म्हणतोय, चित्र नाही.

मांडवीपूल:
आधी चित्र धड दिसू दे, मग गोष्ट.

पोदेर:
लेक्स लुथर म्हणजे सुपरगर्ल. चौथ्या सीझनचा शेवट परत बघ, कळेल.

सोलकढी:
'टीम' आणि 'जहाज' म्हणतोय, सुपरगर्लकडे कुठलं जहाज? उंडो, लेजंड्स ऑफ टुमॉरो ना?

उंडो_कडक:
हो, लेजंड्सच. आणखी कुठलं असणार? टीव्ही जुना आहे, त्यात मोशनबिशन काही नाही. तो विषय सोडा.

सोलकढी:
मग ॲपने काही खाल्लेलं नाही. तू लावलास तो 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' या क्रॉसओव्हरचा पाचवा आणि शेवटचा भाग. एकच गोष्ट पाच मालिकांत वाटलीय, शेवटचा वाटा लेजंड्सला मिळालाय. १४ जानेवारी २०२० ला तो स्पेशल म्हणून दाखवला, खरा पाचवा सीझन २१ जानेवारीला सुरू झाला. कुठे तो स्पेशल म्हणून वेगळा ठेवतात, कुठे सीझनच्या डोक्यावर पहिला भाग म्हणून चिकटवतात. तुझ्याकडे चिकटवलेला दिसतोय. जत्रेतल्या नाटकाला शेवटच्या अंकाला जाऊन बसलास तर राजा कसा मेला ते कुठून कळणार?

क्रम असा: सुपरगर्ल सीझन ५ भाग ९, बॅटवूमन सीझन १ भाग ९, द फ्लॅश सीझन ६ भाग ९, ॲरो सीझन ८ भाग ८, आणि मग तुझा. पहिल्या तिन्ही ठिकाणी ९ आहे म्हणून लोक ॲरोचाही ९ वा लावतात आणि फसतात. तो क्रायसिसनंतरचा आहे, थेट २०४० सालात नेऊन सोडतो. प्रत्येक भाग साधारण ४२ मिनिटांचा, पाचही मिळून साडेतीन तास.

ऑटोप्ले आधी बंद कर. ॲपला क्रॉसओव्हर समजत नाही, सुपरगर्लचा ९ वा संपला की ते मुकाट्याने १० वा लावतं, आणि तिथे क्रायसिस केव्हाच उरकलेलं असतं. म्हणजे भाग संपला की बाहेर ये, शोधमध्ये पुढच्या मालिकेचं नाव टाक, सीझन निवड, भागाच्या नावात 'पार्ट टू', 'पार्ट थ्री' लिहिलंय का बघ, मगच दाब. 'रिकॅप वगळा' असं बटण आलं तर त्याला हात लावू नकोस. बाकीच्या मालिका बघितलेल्या नसताना तेवढाच आधार.

उंडो_कडक:
चार मालिका नव्याने? मी फक्त लेजंड्स बघतो.

बिमली:
मालिका नाही रे, एकेक भाग. पण थांब. फक्त लेजंड्स बघतोस, तर दुसऱ्या सीझनचा ७ वा आणि तिसऱ्याचा ८ वा कसा पचला? तेही क्रॉसओव्हरचे शेवटचे तुकडेच आहेत. तिसऱ्याच्या ८ व्यात टीममधल्या प्रोफेसर स्टाइनला गोळी आधीच लागलेली असते. कुठे लागली, कुणी मारली, काही विचारलं नाहीस?

उंडो_कडक:
दुसऱ्या सीझनमधले ते परग्रहावरचे लोक कुठून आले तेही कळलं नव्हतं. कालप्रवासाची मालिका आहे, म्हटलं पुढे कधीतरी मागचं दाखवतील.

बिमली:
धन्य. चौथ्या सीझनमध्ये लेजंड्स क्रॉसओव्हरमध्ये नव्हते, म्हणून तू वाचलास. ८ व्या भागात त्यावर विनोदही आहे, बाकीचे हिरो बोलावतायत आणि हे येत नाहीत. पण ते ज्या क्रॉसओव्हरला गेले नाहीत, तोच बघितल्याशिवाय क्रायसिसला हात लावू नकोस असं माझं मत. 'एल्सवर्ल्ड्स', डिसेंबर २०१८, तीनच भाग: फ्लॅश सीझन ५ भाग ९, ॲरो सीझन ७ भाग ९, सुपरगर्ल सीझन ४ भाग ९. सगळ्या विश्वांवर नजर ठेवणारा मॉनिटर तिथे येतो आणि ॲरोचा नायक ऑलिव्हर त्याच्याशी सौदा करतो. तो सौदा माहीत नसेल तर क्रायसिसमध्ये ऑलिव्हरच का, हे कळत नाही. तीन आणि पाच मिळून आठ भाग, ५ तास ३६ मिनिटं. दोन रात्रींचं काम.

पोदेर:
आठ भाग कशाला? तो भाग वगळून पुढचा लाव. टीमच्या मागे माहितीपटवाले कॅमेरे घेऊन फिरतायत आणि रास्पुटिन परत आलाय, तिथून पाचवा सीझन सुरू होतो. टीममध्ये झारीच्या जागी तिचा भाऊ बेहराद का आहे ते चौथ्याच्या शेवटच्या भागातच आहे, त्याचा क्रायसिसशी संबंध नाही. क्रायसिसमधल्या दोनच गोष्टी लागतात: ऑलिव्हर गेला, म्हणून लेजंड्सची कप्तान सारा खचलीय, आणि या हिरोंच्या वेगवेगळ्या पृथ्व्या मिळून एकच झाली. बस.

सोलकढी:
झालं, शेवट सांगून मोकळा! वर साधी स्पॉयलरची सूचना तरी द्यायची.

पोदेर:
तो पाचवा भाग लावून बसलाय, त्यात हेच तर सांगतात.

सोलकढी:
अर्धवट पाहिलाय. आता मागचे चार बघणार होता, त्यातली मजा तू काढून घेतलीस.

बिमली:
मजा कसली, ऑलिव्हर तर दोनदा मरतो.

सोलकढी:
बिमली!!

रिकामटेकडा_डिचोली:
मूळ कॉमिक कुणी वाचलंय का? १९८५-८६, बारा अंक, लेखक मार्व्ह वुल्फमन, चित्रं जॉर्ज पेरेझची. तिथे ७ व्या अंकात सुपरगर्ल जाते, ८ व्यात बॅरी ॲलन, म्हणजे फ्लॅश. टीव्हीवर ते दोघे वाचले आणि मरण ॲरोच्या वाट्याला आलं, कारण त्याची मालिका आठव्या सीझनला बंदच होणार होती, बाकीच्यांच्या चालू राहणार होत्या. खरी गोची तिथे आहे. ज्यांच्या मालिका चालू आहेत त्यांना काही होणार नाही हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक, मग धाकधूक उरते कुठे?

आणि कुणीच सांगितलं नाही म्हणून: ब्लॅक लाइटनिंग सीझन ३ भाग ९ पण यादीत धरा. अधिकृत पाचात तो नाही, पण ९ डिसेंबर २०१९ ला, म्हणजे दुसऱ्या भागाच्या दिवशीच आलाय. तिसऱ्या भागात जेफरसन पिअर्स, म्हणजे ब्लॅक लाइटनिंग, एकदम कुठून उगवतो ते त्यात आहे. दुसऱ्या आणि तिसऱ्याच्या मध्ये बघायचा.

सोलकढी:
त्याला चार जड होतायत, तू सहावी मालिका काढलीस.

पोदेर:
पाचवा भाग टाकाऊ आहे हे तरी मान्य करा. खलनायकाचा निकाल चौथ्यात लागलेला असतो. पाचव्यात तो परत येतो, परत तीच हाणामारी, आणि शेवटी त्याला काय करतात, तर लहान करत सोडून देतात.

बिमली:
टाकाऊ नाही, काम वेगळं आहे. गोष्टीचा शेवट चौथ्यातच होतो, ॲरोच्या. पाचव्याला दिलेलं काम म्हणजे नवी पृथ्वी सगळ्यांना दाखवणं, कारण त्यानंतर प्रत्येक मालिका तिथून चालायची होती. म्हणून लेक्सचं नोबेल, म्हणून इकडच्या घरी कोण जिवंत, तिकडे कोण नाही. त्यातच शोक, त्यातच बीबो नावाचं ते निळं खेळणं, त्यातच मारामारी, आणि शेवटी सगळे हिरो बसतात ते गोल टेबल. ४२ मिनिटांत एवढं कोंबल्यावर कशालाच वेळ मिळत नाही. मारामारी मुळात नको होती. ती काढून टेबलाच्या प्रसंगाला दहा मिनिटं दिली असती तर आज कुणी ओरडलं नसतं.

रिकामटेकडा_डिचोली:
आणि लेजंड्सच्या नावावरचा भाग असून लेजंड्सचं त्यात बीबोशिवाय काय आहे? सारा आहे, पण तीही ॲरोची माणूस म्हणूनच. फक्त लेजंड्स बघणाऱ्याला तो परका वाटणारच. उंडोची तक्रार रास्त आहे.

पोदेर:
मग मी वेगळं काय म्हटलं?

उंडो_कडक:
तुमचं चालू दे. मी सुपरगर्लवाला लावला. आता यात एक बाई मध्ये मध्ये बोलत असते, 'ती वळते', 'तो आकाशाकडे बघतो' असं. कुणाला दिसत नाही, कुणी तिला उत्तरही देत नाही. ही मॉनिटरची माणूस का? लेजंड्समध्येही होती, सांगायचं राहिलं.

सोलकढी:
ती पात्र नव्हे! तू ऑडिओ डिस्क्रिप्शनचा ट्रॅक लावलायस. ज्यांना दिसत नाही त्यांच्यासाठी पडद्यावर काय चाललंय ते सांगणारा आवाज असतो तो. भाग चालू असताना थांबव, 'ऑडिओ आणि सबटायटल्स' उघड, भाषांच्या यादीत इंग्रजी दोनदा दिसेल. एकापुढे 'ऑडिओ डिस्क्रिप्शन' किंवा नुसतं 'एडी' लिहिलेलं असेल, ते सोडून दुसरं घे. परत आपोआप येत असेल तर टीव्हीच्याच सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटीत ते चालू राहिलंय, तिथे बंद कर. काही रिमोटवर एडीचं बटणच असतं, चुकून दाबलं जातं.

मांडवीपूल:
मी म्हटलं होतं टीव्हीत बघा!

सोलकढी:
तू मोशन म्हटलं होतंस.

मांडवीपूल:
सेटिंग म्हटलं होतं. बरं, आता त्या यादीत आहेसच तर ५.१ सुद्धा बघून घे. पाच वाहिन्यांच्या मिक्समध्ये संवाद मधल्या वाहिनीत असतात. टीव्हीला दोनच स्पीकर, तो पाचांचं दोनात कोंबतो आणि स्फोट वर येतात, बोलणं खाली जातं. ट्रॅकच्या नावात ५.१ असेल तर त्याच भाषेचा साधा स्टिरिओ निवड. यादीत नसेल तर टीव्हीच्या आवाजात नाइट मोड किंवा ऑटो व्हॉल्यूम चालू कर. सराउंडचा खोटा इफेक्ट असेल तर बंद, तो संवाद आणखी पातळ करतो. क्रायसिसमध्ये अर्ध्या गोष्टी संगीत चालू असताना कुजबुजत सांगितल्यात.

उंडो_कडक:
बाई गेली. आता बरं आहे. पण मध्येच लाईट जाते आणि ॲप परत सुरुवातीपासून लावतं.

बिमली:
पावसात ऑनलाइन बघूच नकोस. मोबाइलवर किंवा टॅबवर पाचही भाग आधीच डाउनलोड करून ठेव. हाय डेफिनिशनला तासाला साधारण ३ जीबी धर, म्हणजे साडेतीन तासांचे दहाएक जीबी. मोबाइलच्या रोजच्या डेटावर ते बसणार नाही. दर्जा 'स्टँडर्ड' केलास तर तासाला एक जीबीच्या आसपास, छोट्या पडद्यावर फरक जाणवत नाही. डाउनलोड करण्याआधी ऑडिओची भाषा बरोबर लाव, काही ॲप त्या वेळी निवडलेला एकच ट्रॅक उतरवतात, नाहीतर ती बाई तिथेही येईल. डाउनलोडला मुदत असते, आणि एकदा प्ले केलं की ती बहुतेक कमी होते. म्हणून पाचही एकदम उघडून बघत बसू नकोस.

तिसऱ्यो:
त्यापेक्षा राउटरला मिनी यूपीएस लावा. राउटरच्या ॲडॉप्टरवर 'आउटपुट' वाचा, बहुतेक १२ व्होल्ट आणि १ ते २ अँपिअर असतं. व्होल्टेज तंतोतंत तेच हवं, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिनची जाडी जुळते का ते दुकानातच लावून बघा. फायबरचा डबा वेगळा असेल तर त्यालाही वीज लागते, नुसता राउटर चालू ठेवलात तर वायफाय दिसतं पण नेट येत नाही.

पोदेर:
आणि टीव्ही कशावर चालणार?

तिसऱ्यो:
तो प्रश्न इन्व्हर्टरच्या धाग्यावर विचारा.

उंडो_कडक:
ठरवलं. एल्सवर्ल्ड्स नाही, ब्लॅक लाइटनिंग नाही, क्रायसिसचे पाचच. पोदेरने सांगितलंय ते विसरायचा प्रयत्न करतो.

बिमली:
एल्सवर्ल्ड्स बघ रे, तीनच आहेत.

खाजें:
इथेच विचारते, नवा धागा काढत नाही. फ्लॅशच्या चौथ्या सीझनचा ८ वा भाग लावला तर सगळे एकदम नाझींच्या छावणीत कैद. त्याआधी बॅरीचं लग्न ठरलेलं होतं, त्याचं काय झालं? माझ्याकडे भाग गाळलेत का?

सोलकढी:
गाळलेले नाहीत, हाही क्रॉसओव्हरच. सुपरगर्ल सीझन ३ भाग ८, मग ॲरो सीझन ६ भाग ८, मग तू लावलास तो, आणि शेवटी लेजंड्स सीझन ३ भाग ८. इथे चारही ठिकाणी ८ च आहे. ऑटोप्ले बंद. आणि पोदेर, लग्नाचं तू काही बोलू नकोस.