अनुभव धागा: स्लो कुकरमधला खिमा स्ट्यू, कमी खर्चात

अमेरिकेत ग्राउंड बीफचा, म्हणजे गोमांसाच्या खिम्याचा, सरासरी भाव 2025च्या मध्यात पाउंडाला (साधारण 450 ग्रॅम) 6 डॉलरच्या वर गेला. त्यामुळे 'महिनाअखेरचं जेवण' अशी ओळख असलेला हा स्ट्यू पूर्वीइतका स्वस्त राहिलेला नाही. तरी एका पाउंडात सहा जण पोटभर जेवतात, फक्त माप आणि क्रम सांभाळायला हवा. म्हणून हा धागा. 'मस्त झाला होता' एवढंच लिहू नका. किती, केव्हा, काय बिघडतं आणि का, ते लिहा. प्रतिसादाच्या वर गाव टाका, म्हणजे बाजार कुठला आणि भांडं कुठलं ते कळेल.

सुरुवातीला एक पायाभूत माप देते. 4 क्वार्टच्या (साधारण पावणेचार लिटर) स्लो कुकरसाठी, म्हणजे तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या विजेच्या भांड्यासाठी: 1 पाउंड खिमा (80/20, म्हणजे 80 टक्के मांस, 20 टक्के चरबी), दीड पाउंड बटाटे, 3 गाजरं, सेलरीच्या 2 दांड्या, 1 मोठा कांदा, लसणीच्या 3 पाकळ्या, 2 टेबलस्पून टोमॅटो पेस्ट, साडेचौदा औंसाचा क्रश्ड टोमॅटोचा एक डबा, 2 कप बीफ स्टॉक, 1 टेबलस्पून वूस्टरशायर सॉस, 1 टीस्पून सुकं थाइम, 1 तमालपत्र. लो वर 7 ते 8 तास किंवा हाय वर 4 तास. 6 क्वार्टचा कुकर असेल तर सगळं दीडपट. भांडं निम्म्यापेक्षा कमी भरलं तर कडेला करपतं, दोन तृतीयांशाच्या वर भरलं तर मधलं तापायला फार वेळ लागतो.

एक गोष्ट आधीच स्पष्ट करते. परतलेला खिमा मुळात शिजलेलाच असतो. हे सात-आठ तास त्याच्यासाठी नाहीत, ते गाजर-बटाट्यासाठी आणि रस्सा मिळून येण्यासाठी आहेत. मोठ्या तुकड्यांच्या स्ट्यूची वेळ खिम्याला जशीच्या तशी लावली की खिम्याचा भुसा होतो.

कोलंबस, ओहायो

सगळा खेळ परतण्यात आहे. कच्चा खिमा थेट कुकरमध्ये टाकला तर त्याचा एक करडा गोळा होतो, वर तेलाचा तवंग येतो आणि रश्श्याला उकडलेल्या मांसाचा कच्चट वास राहतो. स्लो कुकरमध्ये पाण्याच्या उकळबिंदूच्या वर काहीच जात नाही, त्यामुळे तिथे खमंगपणा तयार होणं शक्यच नाही. तो बाहेरून आणावा लागतो.

रुंद, जाड कढई चांगली तापू द्या. खिमा दोन भागांत घाला. एकदम घातला तर तो पाणी सोडतो आणि त्या पाण्यात उकडतो, परतला जात नाही. पहिली 4 मिनिटं हलवू नका. खालून तपकिरी पापुद्रा धरला की उलटा आणि मग फोडा, पण अगदी रवाळ करू नका. हरभऱ्याएवढे खडे राहिले पाहिजेत, पुढच्या सात तासांत ते आणखी सुटतात.

80/20 खिमा 3-4 टेबलस्पून चरबी सोडतो. ती काढून टाका, पण 1 टेबलस्पून कढईत ठेवा. त्यात कांदा, मग लसूण, मग टोमॅटो पेस्ट. पेस्ट विटकरी रंगाची होईपर्यंत, साधारण 2 मिनिटं. शेवटी अर्धा कप स्टॉक ओतून कढईचा तळ खरवडा आणि ते सगळं कुकरमध्ये घाला. तळाला चिकटलेलं तेच खरं सोनं. काढलेली चरबी सिंकमध्ये ओतू नका, थिजून पाइप तुंबतो. रिकाम्या डब्यात थंड करून कचऱ्यात टाका.

एडिसन, न्यू जर्सी

खरेदीबद्दल. 93/7 घेऊन पैसे घालवू नका. चरबी काढूनच टाकायची असेल तर 80/20 पुरतो. 73/27 मात्र दिसतो तेवढा स्वस्त पडत नाही. पाउंडाचा भाव कमी असला तरी चरबी निथळल्यावर हातात मांस कमी उरतं. पाकिटावर 'हॅम्बर्गर' लिहिलं असेल तर त्यात वरून गोचरबी मिसळायची मुभा असते. 'ग्राउंड बीफ' मध्ये ती नसते. दोन्हींत चरबीची मर्यादा 30 टक्केच आहे.

सगळ्यात स्वस्त म्हणजे प्लॅस्टिकच्या नळीत येणारा 5 पाउंडी लोळा, ज्याला 'चब' म्हणतात. गोठलेला असेल तर फ्रिजमध्ये विरघळायला पूर्ण एक दिवस धरा. ओट्यावर ठेवून विरघळवू नका. विरघळलेला कच्चा खिमा 1 ते 2 दिवसांत वापरलाच पाहिजे. म्हणून पाचही पाउंड एकदाच परता, एकेका पाउंडाच्या पिशव्या चपट्या करून फ्रीझरमध्ये टाका. पुढच्या वेळी कढई काढायचीच गरज नाही. फक्त तीही पिशवी कुकरमध्ये घालण्याआधी विरघळू द्या.

मिल्पिटस, कॅलिफोर्निया

मांस अजून कमी करायचं असेल तर मसूर. पाऊण पाउंड खिमा आणि अर्धा कप अख्खा मसूर, सोबत 1 कप जास्तीचं पाणी. रंग आणि पोत खिम्यात असा मिसळून जातो की वाढताना कळत नाही. मसूरडाळ नको, ती विरघळून रस्सा वरणासारखा होतो. गंमत म्हणजे हे यंत्र मुळात कडधान्यांसाठीच होतं. आयर्व्हिंग नॅक्सन यांचा 'बीनरी' रायव्हल कंपनीने घेतला आणि 1971 साली तोच 'क्रॉक-पॉट' म्हणून बाजारात आणला.

राजमा घालणाऱ्यांसाठी ठळक अक्षरांत: कच्चा राजमा स्लो कुकरमध्ये कधीही घालू नका. त्यात फायटोहिमॅग्लुटिनिन नावाचं विषारी द्रव्य असतं. ते मंद आचेवर नष्ट होत नाही, अर्धवट तापलं तर उलट त्याचा जोर वाढतो. किमान 5 तास भिजवा, ते पाणी फेका, नव्या पाण्यात शेगडीवर 30 मिनिटं खळखळून उकळा आणि मगच कुकरमध्ये घाला. डब्यातला राजमा शिजलेला असतो, तो निथळून शेवटच्या तासाला घातला तरी चालतो.

बार्ली घालायची असेल तर पाव कपाच्या वर जाऊ नका. पहिल्या दिवशी ठीक वाटते, पण फ्रिजमध्ये रात्रभरात ती सगळा रस्सा पिऊन बसते.

डॅलस, टेक्सास

'आठ तास झाले तरी बटाटा कचकच लागतो' ही तक्रार दर वेळी येते. कारणं तीन.

एक, बटाटे वर ठेवलेले असतात. उष्णता तळातून आणि कडेतून येते, म्हणून कंदमुळं खाली आणि खिमा वर. मांसाआधी भाजी शिजेल हा शेगडीवरचा हिशेब इथे उलटा होतो.

दोन, फोडी मोठ्या असतात. बटाटा पाऊण इंच, गाजर अर्धा इंच, याच्या पुढे जाऊ नका.

तीन, आणि हे कुणी सांगत नाही: टोमॅटो. आंबटपणात बटाटा मऊ व्हायला वेळ लागतो. त्यात 'डाइस्ड' टोमॅटोच्या डब्यात फोडी टिकाव्यात म्हणून बहुधा कॅल्शियम क्लोराइड घातलेलं असतं. त्याने टोमॅटो तर कडक राहतोच, पण शेजारचा बटाटाही हट्टी होतो. धागाकर्तीने क्रश्ड डबा सांगितला आहे तो बरोबर. मी त्यापुढे जाऊन म्हणेन की बटाट्याच्या फोडी झाकून मायक्रोवेव्हमध्ये 5 मिनिटं फिरवून घ्या आणि टोमॅटो शेवटच्या दीड तासाला घाला. युकॉन गोल्ड जातीचा बटाटा फोड धरून ठेवतो. रसेट स्वस्त असतो पण कडा विरघळतात. दाट रस्सा आवडत असेल तर रसेटच घ्या, कॉर्नस्टार्च (कॉर्नफ्लोअर) वाचतो.

मिनियापोलिस, मिनेसोटा

पाणचटपणावर. झाकण बंद असल्यामुळे वाफ बाहेर जात नाही, भाज्या वरून आपलं पाणी सोडतात. शेगडीवरच्या कृतीतलं पाणी इथे एक तृतीयांशाने कमी करा. सुरुवातीला रस भाज्यांच्या वर येता कामा नये, अर्ध्या-पाऊण उंचीपर्यंत पुरे. 'कोरडं दिसतंय' म्हणून हात सैल सोडला की संध्याकाळी सूप वाढून घ्यायचं.

दाट करायला 2 टेबलस्पून कॉर्नस्टार्च तेवढ्याच थंड पाण्यात कालवून शेवटच्या अर्ध्या तासात, कुकर हाय वर करून. सकाळीच घातला तर इतक्या तासांत त्याचा दाटपणा मोडतो. फ्रीझरमधले मटार शेवटची 15 मिनिटं. सावर क्रीम किंवा दूध बंद केल्यावर, नाहीतर फाटतं.

मीठही शेवटीच. स्टॉकच्या वड्या, वूस्टरशायर, डब्यातला टोमॅटो, सगळ्यांत मीठ असतं.

कोलंबस, ओहायो

मिनेसोटाकरांशी सहमत, फक्त कॉर्नस्टार्चला स्वस्त पर्याय सुचवतो. शिजलेले चार-पाच बटाट्याचे तुकडे पळीने भांड्याच्या कडेला दाबून ठेचा आणि ढवळा. दहा मिनिटांत रस्सा अंगासरशी येतो.

डेन्व्हर, कोलोरॅडो

आमच्या उंचीवर पाणी 95 अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतं, त्यामुळे वरची वेळापत्रकं पुरत नाहीत. गाजर-बटाटा लो वर 10 तास धरा, नाहीतर पहिला तास हाय ठेवून मग लो करा. मसूर आधी शेगडीवर 10 मिनिटं उकळून घ्या.

लो आणि हाय बद्दल एक गैरसमज आहे. बऱ्याच कुकरमध्ये दोन्हींचं शेवटचं तापमान जवळजवळ एकच असतं, फरक तिथवर पोचायला लागणाऱ्या वेळेचा. आपला कुकर नीट तापतो का हे पाहायचं असेल तर तो निम्मा पाण्याने भरा, लो वर 8 तास ठेवा आणि झाकण उघडताक्षणी थर्मामीटर बुडवा. 185 ते 200 फॅरनहाइट (85 ते 93 सेल्सिअस) असेल तर उत्तम. 185च्या खाली असेल तर तो कुकर मांसासाठी वापरू नका. 200च्या बराच वर असेल तर कृतीतला वेळ कमी करा. नवे कुकर जुन्यांपेक्षा जास्त तापतात, त्यामुळे जुन्या पुस्तकातला 10 तासांचा स्ट्यू त्यांत 7 तासांतच होतो.

आणि झाकण उघडून वास घेत बसू नका. प्रत्येक वेळी 15 ते 20 मिनिटं वाढतात.

लेस्टर, इंग्लंड

इकडे खिम्याला 'मिन्स' म्हणतात आणि पाकीट 500 ग्रॅमचं असतं. त्यावर चरबीचा टक्का थेट लिहिलेला असतो, 20 टक्केवालं म्हणजे तुमचं 80/20. 3.5 लिटरच्या कुकरला तेवढं पुरतं.

इथली काटकसर म्हणजे डंपलिंग. 100 ग्रॅम सेल्फ-रेझिंग (बेकिंग पावडर मिसळलेला) मैदा, 50 ग्रॅम स्यूएट (दाणेदार चरबी, भाजीजन्यही मिळते), चिमूटभर मीठ, 5 टेबलस्पून थंड पाणी. कालवा, मळू नका, मळलं की दगड होतात. 8 गोळे रश्श्यावर ठेवा, कुकर हाय, झाकण घट्ट, 45 मिनिटं ते 1 तास. मध्ये उघडलं तर बसतात. गोळे रस ओढतात, म्हणून डंपलिंग करायची असतील तर कॉर्नस्टार्च नको आणि मांस 400 ग्रॅमवर आणलं तरी कुणी उपाशी राहत नाही.

टोरांटो, कॅनडा

आपल्या चवीचा करणाऱ्यांसाठी. आलं-लसूण कच्चं घालू नका, स्लो कुकरमध्ये त्याचा उग्रपणा तसाच राहतो. राखलेल्या चरबीत कांद्याबरोबर परता. त्यातच 2 टीस्पून धनेपूड, 1 टीस्पून जिरेपूड, अर्धा टीस्पून हळद. लवंग-दालचिनी मात्र निम्मी करा. इतका वेळ रसात राहून त्या सगळ्यावर कुरघोडी करतात. गरम मसाला बंद केल्यावर. अशा वेळी थाइम आणि वूस्टरशायर दोन्ही वगळा, दोन संसार एका भांड्यात नकोत. शेवटी लिंबू हवंच, लांबट शिजवण्याने चव सपाट होते. विलायती स्ट्यूत तेच काम 1 टीस्पून व्हिनेगर करतं.

वसई

अमेरिकेतून कुकर आणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवा. तो 120 व्होल्टचा असतो. इथल्या 230ला थेट लावला तर जवळजवळ चौपट वीज ओढतो आणि जळतो. पिनचा अडॅप्टर व्होल्टेज कमी करत नाही. 250 वॉटच्या कुकरला किमान 500 वॉटचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागेल. त्यापेक्षा इथला 230 व्होल्टचा घेतलेला बरा.

महाराष्ट्रात गोहत्याबंदी कायद्याच्या 2015च्या दुरुस्तीनंतर बैलाचंही मांस बंद आहे, म्हशीचं चालतं. म्हशीच्या खिम्यात चरबी फारच कमी असते, त्यामुळे निथळायला काही नाही. उलट 2 टेबलस्पून तेल घालून परता. तो चिवट आणि कोरडा होतो. त्यावर उपाय: 1 पाउंडाला (साधारण 450 ग्रॅम) पाव टीस्पून खायचा सोडा 1 टेबलस्पून पाण्यात कालवून खिम्याला लावा, 15 मिनिटं ठेवा, मग परता. पाणी कमी सुटतं आणि रंगही लवकर धरतो. सोडा जास्त झाला तर साबणासारखी चव येते, माप सोडू नका.

वीज जात असेल तर: गोल बटणाचा कुकर वीज आल्यावर आपोआप चालू होतो आणि मध्ये किती वेळ बंद होता ते कळत नाही. बरेच डिजिटल परत सुरूच होत नाहीत. घरी कुणी नसताना वीज गेल्याचं कळलं तर तो स्ट्यू शिजलेला दिसला तरी फेकून द्या.

एडिसन, न्यू जर्सी

उरलेल्याचं राहिलं. बंद केल्यावर 2 तासांच्या आत उथळ डब्यांत भरून फ्रिजमध्ये, 3 ते 4 दिवस टिकतो. आतलं जड भांडं तसंच फ्रिजमध्ये ढकलू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. आणि ते थंडगार भांडं परत तापलेल्या कुकरमध्ये बसवलं तर तडकतं. पुन्हा गरम करणं शेगडीवर किंवा मायक्रोवेव्हमध्ये, 165 फॅरनहाइटपर्यंत (74 सेल्सिअस). स्लो कुकरमध्ये ते फार सावकाश होतं, त्यासाठी तो वापरू नका. 'वॉर्म' ही पायरी गरम पदार्थ गरम ठेवायला आहे.

फ्रीझ करायचा असेल तर बटाट्याशिवाय. गोठून विरघळलेला बटाटा आतून भुसभुशीत होतो. डब्यावर 'बटाटा घालणे' असं लिहून ठेवा आणि गरम करताना वेगळा उकडून घाला.