मदत हवी आहे: जिनिव्हाहून माँत्रोला एका दिवसात, बॅगेसकट

ऑफिसच्या कामाने पुढच्या महिन्यात जिनिव्हाला चालले आहे. सोमवार ते शुक्रवार मीटिंगा, शनिवारी रात्री नऊला मुंबईचं विमान. तिकीट कंपनीचं, तारीख बदलणार नाही. म्हणजे हातात एकच शनिवार, आणि तो मला क्वीन या रॉक बँडच्या गायकाला, फ्रेडी मर्क्युरीला द्यायचाय! पाचगणीच्या शाळेत शिकलेला आपला माणूस माँत्रोच्या तळ्याकाठी मूठ उंचावून उभा आहे; १९९६ पासूनचा पुतळा. तिथल्याच कॅसिनोत क्वीनचा जुना स्टुडिओही आहे. बाबांची कॅसेट (पेन्सिलीने फिरवून फिरवून टिकवलेली) सोबत नेणार आहे, पुतळ्यासमोर फोटोसाठी.

रेल्वेचं अ‍ॅप पाहून झालं. विमानतळावरूनच थेट गाडी आहे, साधारण तास-सव्वा तास. स्वस्तातलं तिकीट ठरलेल्या गाडीलाच चालतं, तेही कळलं. हॉटेलकडून मिळणारं फुकट प्रवासाचं कार्ड जिनिव्हापुरतंच आहे. इथल्या टूरवाल्याला विचारलं, तर तो टिटलिसच्या बर्फाच्या डोंगरापुढे सरकेना.

अडचण बॅगेची. हॉटेल अकराला सोडायचंय. ते बॅग ठेवून घेतील, पण घ्यायला परत गावात उतरावं लागेल. संध्याकाळी सहाला मला विमानतळावर असायचंय. टॅक्सी नको, तिथले दर बघून घाम फुटला.

कुणी अलीकडे जाऊन आलंय का? मोठी ट्रॉली बॅग विमानतळाच्या स्टेशनवरच्या लॉकरमध्ये मावते का, की सरळ माँत्रोला घेऊन जाऊ? आणि स्टुडिओ शनिवारी आतून बघता येतो का?