घोडबंदर रोडच्या गायमुख घाटात पिकअप ओढत नाही, डिझेल पंप उतरवू का?

घोडबंदरकर: जुनी टर्बो डिझेल पिकअप आहे, वाशी मार्केटमधून कांदे भरून मीरा रोडला जातो, रिकामी असली की मस्त पळते पण लोड घेऊन गायमुखच्या चढाला लागली की पार दम सोडते. एअर फिल्टर नवा टाकलाय. मेकॅनिक डायरेक्ट इंजिनाला डिझेल देणारा पंप उतरवायचा म्हणतोय, काय करू?

तुर्भेवाला: पंपाला हात लावू देऊ नका आत्ताच! धूर कसा येतो? काळा असेल तर हवा कमी पडतेय, टर्बोपासून (इंजिनात जादा हवा ढकलतो तो) इंटरकूलरकडे (ती हवा थंड करतो तो) जाणारा रबरी होज, म्हणजे पाइप बघा, चीर बऱ्याचदा क्लिपजवळ खालच्या अंगाला असते, वरून दिसत नाही, हात फिरवला की तेलकट लागतं.

घोडबंदरकर: धूर अजिबात नाही दादा. जरा वेळ बंद ठेवली की परत बरी चालते.

कळवा_डिझेल: मग डिझेलच पोचत नाहीये. टाकीतली जाळी चोक असेल, गाडी बंद केली की जाळीला चिकटलेला कचरा सुटतो म्हणून परत ओढते. डिझेल फिल्टरखालचा स्क्रू सैल करून पाणीपण काढा. तरी नाही जमलं तर फिल्टरकडे येणाऱ्या लाइनला पारदर्शक पाइप जोडून बघा, बुडबुडे दिसले तर कुठेतरी हवा खेचतेय. आणि तोवर फुल लोड भरून घाट चढू नका हो, मागे ट्रेलर असतात तिथे.