घाईच्या लघवीची गोळी आणि कोरडे तोंड

मांजराकाठ (लातूर):
लघवीची जाणीव होताच धावावे लागते, त्या अतिसक्रिय मूत्राशयासाठी माझ्या ७१ वर्षांच्या आईला सॉलिफेनासिन ५ मिलिग्रॅम सुरू केले. तीन आठवड्यांत रात्रीचे उठणे चारवरून तीनवर आले. मात्र तोंड इतके कोरडे पडू लागले की ज्वारीची भाकरी कालवणात कुस्करल्याशिवाय घशाखाली उतरेना, आणि वर बद्धकोष्ठ. चाचण्यांमध्ये नुसती नकली गोळी घेणाऱ्यांनाही बराच फरक पडतो. खऱ्या गोळीचा जादा लाभ दिवसाकाठी सरासरी लघवीच्या एका खेपेच्या आतबाहेर असतो. एवढ्यासाठी मे महिन्यात हा त्रास का सोसावा? गोळी बंद करावी, असे माझे मत आहे.

गोदातीर (नांदेड):
मी असहमत आहे. खेपा मोजून या औषधाची किंमत ठरत नाही. जाणीव झाल्यावर किती वेळ धरवते, यावर ती ठरते. पूर्वी परभणीला एसटीने जायचे असले की मी आदल्या संध्याकाळपासून पाणी तोडत असे. आता बसमध्ये बाटली सोबत असते. शिवाय तीन आठवडे ही घाई झाली. पुरता परिणाम दिसायला चार ते आठ आठवडे लागतात.

दुकानदार (परभणी):
औषधाच्या दुकानात बसून मला दोघांचेही अर्धेच पटते. ही गोळी ॲसिटिलकोलिन या मज्जातंतूंच्या रसायनाचा संदेश अडवते. तोच संदेश लाळ आणि आतड्यांनाही लागतो, म्हणून हा त्रास. मातोश्री सर्दीसाठी क्लोरफेनिरामिनची गोळी घेत असतील, तर तीही त्यात भर घालते. हे आधी तपासावे. मिराबेग्रॉन हे याच त्रासावरचे दुसरे औषध निराळ्या वाटेने मूत्राशय सैल करते, त्यामुळे तोंड फारसे सुकत नाही. पण ते रक्तदाब वाढवू शकते, आणि १८०/११० च्या वर गेलेल्या, आटोक्यात नसलेल्या रक्तदाबात देत नाहीत. ते महागही पडते.

मांजराकाठ (लातूर):
सर्दीची गोळी खरोखरच चालू होती. ती डॉक्टरांना विचारून थांबवतो. गोदातीर ताईंचे बसचे म्हणणेही मान्य. तरीही वृद्धांच्या स्मरणशक्तीवर अशा औषधांचा परिणाम होऊ शकतो, ही धास्ती माझ्या मनातून जात नाही. लघवी थोडी थोडी लांबवण्याचा सराव आणि दिवसातले पाच कप चहा कमी करणे, हे आम्हाला गोळीआधी कोणी सुचवलेच नाही.

गोदातीर (नांदेड):
सराव मीही केला, पण गोळीने थोडी उसंत दिल्यावरच तो जमला.