डबा परत आणला म्हणून

सुनंदामावशी: कोणाला लागलं तर लागू दे. काल इंदिरानगरहून रिक्षा करून गंगापूर रोडला डबा घेऊन गेले. बेल वाजवून बोट दुखलं. केतकी आत असून दार उघडत नाही! रविवारी बारशाला मात्र फोटोत पुढे.

बाळूकाका: रोज पहाटे पांडवलेणी चढायची. थकवा पळतो.

प्राची: मावशी, फोटोनंतर ती आतल्या खोलीत दिवा घालवून आडवी होती. तरी वाढायला उठवलंत.

सुनंदामावशी: मी उठवलं? मी एवढंच म्हटलं की पाहुण्यासारखी काय बसलीस.

संजू: जिलबी कोणी संपवली याचीही चौकशी व्हावी 😄

अमोल: मावशी, बेल ऐकू आली तिला. दारापर्यंत येववलं नाही. मी सातपूरला, ड्युटीवर. तिला एमई/सीएफएस आहे, विश्रांतीनेही न जाणाऱ्या थकव्याचा जुनाट आजार. या आजारात झेपेल त्याहून जास्त झालं की लगेच कळत नाही, एक-दोन दिवसांनी माणूस कोसळतो. बारशाचं मंगळवारी निघालं. आता आठवडाही जाईल.

बाळूकाका: पांडवलेणी. पहाटे. (परत टाकतोय, कोणी वाचलेलं दिसत नाही.)

अमोल: वाचलं काका. उपचार कसे करावेत ते ठरवणाऱ्या ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०२१ मध्येच सांगितलंय, ठरवून व्यायाम वाढवत नेण्याचा उपचार या आजारात देऊ नका.

शैलाआत्या: रिपोर्ट नॉर्मल आले ना पण?

अमोल: आले. थायरॉइड, हिमोग्लोबिन दुसरं काही नाही ना म्हणून बघतात. या आजाराची खात्रीची रक्ततपासणी अजून नाहीच.

शैलाआत्या: आम्हाला थकायला फुरसत नव्हती बाई.

प्राची: आत्या, तुमच्या गुडघ्याच्या वेळी आम्ही सगळ्यांनी पाळ्या लावल्या होत्या.

शैलाआत्या: गुडघा एक्स-रेत दिसतो.

संजू: 🙊

अमोल: असू दे. डबा आणलात तर कडीला अडकवा आणि मला मेसेज टाका. फोन तिनेच केला तर. "चेहरा तर छान दिसतोय" एवढं म्हणू नका फक्त.

सुनंदामावशी: कडीला अडकवायला मी काय दूधवाला? ... उद्या मुगाची खिचडी आणते. मीठ कमी घालू का?

अमोल: उलट चांगलं घाला. उभं राहिलं की तिला चक्कर येते, डॉक्टरांनी मीठ-पाणी वाढवायला सांगितलंय.

संजू: बीपीवाल्यांनी हा मेसेज स्वतःला लावून घेऊ नये.

बाळूकाका: पांडवलेणी जमत नसेल तर गोदापार्क. सपाट आहे.