शब्दचर्चा : 'टार्गेट पॅनिक'ला मराठीत काय म्हणाल?

ऐरोलीकर

मी पारंपरिक धनुष्य चालवते आणि इथे ऐरोलीत मुलांना शिकवायला मदत करते. धनुष्य साधं असतं, त्याला ना साइट (नेम धरायची खूण), ना स्टॅबिलायझर (तोल सांभाळणारा दांडा). बाणाच्या टोकावरून नाहीतर नुसत्या सवयीच्या अंदाजाने नेम धरायचा. काही मुलं बांबूच्या धनुष्यावर इंडियन राउंड हा देशी स्पर्धाप्रकार खेळतात. मुलांशी सगळं बोलणं मराठीत चालतं, पण टार्गेट पॅनिकचा विषय निघाला की शब्द सापडत नाही. पालक विचारतात, म्हणजे नक्की काय? मग कोणीतरी सांगून टाकतं, "घाबरते हो ती." आणि तिथून सगळं चुकत जातं.

आधी डोळ्यांना दिसतं ते सांगते. एक मुलगी दोरी ओढते. हात हनुवटीपाशी येतो, तर्जनी ओठाच्या कोपऱ्याला टेकायला दोन बोटांचं अंतर उरतं आणि बोटं उघडतात. बाण गेलेला असतो. "ताई, मी सोडलाच नाही," म्हणते, आणि ती अगदी खरं बोलत असते. दुसऱ्या एका मुलाचं वेगळंच. तो दोरी पूर्ण ओढतो, बाणाचं टोक खालून वर आणतो आणि निशाणाच्या काळ्या वर्तुळात अडकतो. वर मधलं पिवळं दिसत असतं, हात तिकडे जात नाही. शेवटी हिसका देऊन वर नेतो आणि त्या हिसक्यातच बाण सुटतो. तिसऱ्याचं टोक बरोब्बर पिवळ्यावर येतं, पण बोटं उघडतच नाहीत. खांदा थरथरायला लागतो तरी तो धरूनच.

या तिन्हींना इंग्रजीत एकच नाव आहे, टार्गेट पॅनिक. पिवळ्या मध्याला तिकडे गोल्ड म्हणतात, त्यावरून गोल्ड शाय हा जुना शब्द. गोल्फवाले यिप्स म्हणतात, डार्टवाल्यांनी डार्टायटिस केला. आपण काय म्हणावं?

कोपरीकर

ताई, आधी भीतीच्या घरातले शब्द चाळू. त्यांच्यात फरक आहे आणि तो इथे कामाचा आहे.

धास्ती पुढच्या गोष्टीची असते, परीक्षेची, साहेबांच्या फोनची. धसका मागच्या गोष्टीचा असतो; काहीतरी घडलेलं असतं, त्याचा धसका घेतलेला असतो. घाबरगुंडी, गाळण हे सगळे अंगभर पसरणारे शब्द, बोटांपुरते नाहीत. या सगळ्यांपेक्षा मला 'बुजणं' जवळचं वाटतं. घोडा बुजतो तेव्हा तो सगळ्या जगाला घाबरलेला नसतो, समोरच्या एका ठरावीक वस्तूपाशी अडतो. तुमचा तो काळ्या वर्तुळात अडकणारा मुलगा पिवळ्याला बुजतो. गोल्ड शायला हा चपखल बसतो.

दुसरा शब्द 'कच खाणं'. ऐनवेळी कच खाल्ली, असं आपण सहज म्हणतो.

वर्तकनगरवाले

लक्ष्यभ्रम कसा वाटतो? संस्कृत घडणीचा आहे, शरसंधान, लक्ष्यवेध यांच्या पंगतीत शोभेल.

ऐरोलीकर

दादा, लक्ष्यभ्रम नाही चालणार. भ्रम म्हटला की लक्ष्य नीट दिसत नाही असं वाटतं. इथे लक्ष्य स्वच्छ दिसतं, आणि अडचण त्या दिसण्यातूनच सुरू होते. शरसंधान तर आता वर्तमानपत्रात विरोधी पक्षावर होतं, मैदानावर कोणाच्या तोंडी नाही. संधान म्हणजे मुळात बाण दोरीला जोडणं. हा सगळा प्रकार त्याच्या नंतरचा.

कच खाणं मला आवडतं, पण मुलांसमोर वापरणार नाही. त्यात दोष आहे, 'हिंमत केली नाहीस' असा. याच कारणासाठी मी लक्ष्यभीती, नेमधास्ती सगळंच बाजूला ठेवते.

हे घाबरणं नव्हे, असं ठामपणे का म्हणते ते सांगते. मैदानात कोणी नसताना, स्पर्धा नसताना, गुण मोजायचे नसतानाही हे होतं. आणि त्याच मुलीसमोरचा वर्तुळांचा कागद काढून घेतला, नुसता गवताचा बट, म्हणजे कागद लावायचा जाड फलक, ठेवून तिला तीन पावलांवर उभं केलं, की तर्जनी बरोबर ओठाच्या कोपऱ्याला येऊन थांबते. मुलगी तीच, धनुष्य तेच, सकाळ तीच. भित्री असती तर कागद काढल्याने काय फरक पडला असता?

होतं असं की हजारो वेळा 'पिवळं दिसलं' आणि 'बाण सुटला' या दोन गोष्टी एकापाठोपाठ घडतात, आणि त्यांची गाठ बसते. मग बोटं हुकमाची वाट बघत नाहीत. डोळ्याला पिवळं दिसायचा अवकाश, ती उघडतात, कधी तर पिवळं दिसणार एवढ्या चाहुलीनेही. काहींचं अंग या आपोआप सुटण्याला आवर घालायला जातं आणि टोक पिवळ्याच्या खालीच रोखून धरतं. वरवर उलटे दिसणारे दोन त्रास एकाच गाठीचे आहेत. त्यात धनुष्य झेपत नाही इतक्या पाउंडांचं, म्हणजे ओढायला फार जड, असेल तर घाई आणखी वाढते. अशा मुलाला "घाबरू नको, मन घट्ट कर" म्हटलं की तो मन घट्ट करून पिवळ्याकडे जास्तच रोखून बघतो. गाठ आणखी आवळते. पालकांनी हे एवढं समजून घेतलं तरी अर्धं काम होईल.

कळव्याहून

मी तिरंदाज नाही, पूर्वी क्लबात क्रिकेट खेळायचो, डावखुरी फिरकी. गोलंदाजांनाही हे होतं. हात वर येतो आणि चेंडू बोटांतून सुटतच नाही, नाहीतर भलतीकडे सुटतो. तिरंदाज आणि गोलंदाज, दोघांतला 'अंदाज' फारसीतला, फेकणारा या अर्थाचा. म्हणजे आजार फेकणाऱ्यांच्या अख्ख्या कुळाचा दिसतो.

मला 'नेम' शब्दाकडे लक्ष वेधायचंय. नेम म्हणजे निशाण आणि नेम म्हणजे नियमही. वारीचा नेम, सोमवारचा नेम. आणि खात्री नसली की आपण म्हणतो, 'त्याचा काही नेम नाही.' तुमच्या त्या मुलीचं हेच झालंय. तिचा नेम चांगलाय, पण बाण कधी सुटेल याचा नेम नाही.

कोपरीकर

कळवेकर, वा. याच धाग्याने पुढे जातो. 'वेध' बघा. वेध घेणं म्हणजे निशाण साधणं, आणि वेध लागणं म्हणजे पुढच्या गोष्टीने आधीच मन व्यापून टाकणं. ग्रहणाचे वेध ग्रहणाच्या आधी लागतात, गणपतीचे वेध श्रावणातच. ताईंनी सांगितलं त्यात नेमकं हेच आहे. वेध घेण्याआधीच सुटण्याचे वेध लागतात. पिवळं दिसायच्या आत बोटं पुढच्या क्षणात गेलेली असतात.

ऐरोलीकर

काका, हा मी उद्याच वापरणार. 'तुझ्या बोटांना सुटण्याचे वेध लागलेत.' यात दोष नाही, भित्रेपणा नाही, आणि काय करायचं तेही यातच येतं: ते वेध सोडवायचे. नाव म्हणून 'सुटवेध' करावंसं वाटलं होतं, पण असा जोडशब्द कोणी बोलत नाही. नाम नसलं तरी चालेल, क्रियापद पुरतं. अडकणाऱ्यासाठी 'बुजणं' ठेवू. तीन त्रासांपैकी पहिल्याला वेध लागणं, दुसऱ्याला बुजणं. तिसऱ्याला, म्हणजे बोटं न उघडण्याला, 'बोटं धजत नाहीत' असं आमच्या मैदानावर येणाऱ्या एक आजी परवा नातवाबद्दल म्हणाल्या, तेच घेते.

२०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे दोघांनी कम्पाउंडची, म्हणजे कप्प्या लावलेल्या धनुष्याची, वैयक्तिक सुवर्णं आणली, तेव्हापासून आमच्याकडे मराठी घरांतल्या मुलांची चौकशी बरीच वाढलीय. त्यांच्याशी बोलायला हे शब्द हवेतच.

घोडबंदरहून

उपाय काय करता तेही लिहा ना. माझा मुलगा ठाण्यात शिकतो, त्याचं हेच चाललंय. सरांनी काही दिवस कागदच लावू नको सांगितलंय, आणि तो रडकुंडीला आलाय, की मला शिक्षा केली म्हणून.

ऐरोलीकर

शिक्षा नाही हो, त्याला तसं नक्की सांगा. सर बरोबर करतायत. कोरा बट, अगदी जवळून, शक्य तर डोळे मिटून. हाताला, पाठीला काय जाणवतं तेवढंच बघायचं. डोळे मिटून मारताना शेजारी मोठं माणूस हवं, आणि पुढ्यात बटाशिवाय काही नको.

मग येतो मुख्य सराव, आणि तो मुलांना सगळ्यात कंटाळवाणा वाटतो. कागद लावायचा, पण बाण सोडायचा नाही असं आधीच ठरवून. पूर्ण ओढायचं, टोक पिवळ्यावर आणायचं, तिथे ठेवायचं आणि सावकाश दोरी परत आणायची. पिवळं दिसूनही बाण सुटला नाही, हे अंगाला पुन्हापुन्हा दाखवायचं. गाठ अशीच सैल होते. मग मधूनच एखादा सोडायचा, तोही ओठाच्या कोपऱ्याला हात टेकल्यावर ठरवून. हळूहळू बट लांब न्यायचा. बोटांना पुन्हा वेध लागले की त्याच क्षणी जवळ यायचं. महिने लागतात, आणि बरं झालेलं परत उलटूही शकतं. धनुष्य हलकं मिळत असेल तर या काळात हलकंच घ्या. फक्त बाण न लावता ओढलेली दोरी कधी सोडू देऊ नका, धनुष्य फुटतं.

हे लिहिताना आणखी एक शब्द अडला. ओढलेली दोरी न सोडता परत आणणं, लेट डाउन. आम्ही 'उतरव' म्हणायचो, पण प्रत्यंचा चढवणं-उतरवणं म्हणजे धनुष्याला दोरी लावणं-काढणं, त्यामुळे नवी मुलं गोंधळतात. 'मागे घे' म्हटलं तर आणखी ओढतात, कारण ओढणं मागेच असतं.

कोपरीकर

'परतव' म्हणा. बाण परतवला. एका दमात ओरडता येतो, आणि दुसरा अर्थ आड येत नाही.

घोडबंदरहून

संध्याकाळी मुलाला वाचून दाखवतो. 'परतव' त्याच्या सरांनाही सांगतो.